टपाखालचं माणूस

लालबाग,
गुरुवार, दुपार

प्रिय प्राची,

आमच्या वेळी पोराबाळांना पत्रात 'चिरंजीव' लिहायचे. मी 'प्रिय' लिहिलं आणि पुढे तुझं नाव दोनदा गिरवून मग पक्कं केलं, कारण ह्या पत्रात नावावरच सगळं अडलेलं आहे. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, अक्षर कोंबडीच्या पायाचं, तेव्हा चुका काढत बसू नकोस. फोन का केला नाही म्हणशील. तुझी आई फोन आला की आधी स्पीकर लावते आणि मग हॅलो म्हणते. मी बोलणार तुझ्याशी, ऐकणार तुमचा अख्खा मजला, आणि वर तीच, दर्शना, म्हणणार की आईला आता भ्रम झाला. भ्रम झाला असता तर बरं झालं असतं.

पहिली गोष्ट तुझ्या मानेची. नाशिकच्या डॉक्टरने मोबाईल बघून बघून झालं म्हणून सांगितलं आणि गळ्यात पट्टा घातला, हे मला कळलं. त्याला मी दोष देत नाही. रस्त्याने जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांची मान हल्ली खालीच असते, त्यात एक वेगळी वाकलेली कोणाला कळणार. पण परवा दर्शनाने तुमच्या शेजारच्या साखरपुड्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात तू हॉलच्या दारातून आत येतेस. दार हत्ती जाईल एवढं. तू वाकून आलीस. आधी डोकं डावीकडे, मग खाली, मग पाय. मी निलेशला तेवढाच तुकडा सहा वेळा लावायला सांगितला. तो म्हणाला, 'आजी, नवरी पुढे आहे गं, पुढे बघ.' मग संध्याकाळी दर्शनाशी बोलताना ती हसत हसत म्हणाली, 'तुझी नात दुपारची झोपते ती दोन्ही तळवे वर करून, जसं काही छप्पर धरून ठेवलंय.' ती हसत होती. मी सोलत होते ती लसूण तशीच राहिली.

असं झोपणारी आणि असं दारातून येणारी एक मुलगी मी आधी बघितली आहे. घाबरू नकोस, घाबरून मान सरळ होत नाही. नीट बसून वाच.

ती गाडी तुला आठवत असेलच, महिना पण झाला नाही. मॉरिस मायनर, दोन दारांची, वर कापडी टप, पाहिजे तेव्हा मागे दुमडून टाकायचा. प्रभादेवीच्या खानोलकर डॉक्टरांची. डॉक्टर गेले, आता त्यांच्या मुलाला ती जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत न्यायची आहे. निलेशने इंजिन केलं, पत्रा केला, रंग केला आणि टपापाशी येऊन अडला. जो भेटेल तो म्हणे रेक्झिन चिकटवून देतो. मग त्याला आठवलं की घरात एक म्हातारी आहे, जी तीस वर्षं हेच शिवत होती. नातवंडांचं असंच असतं, बाजारात मिळालं नाही की आजी.

मी गाळ्यावर गेले तर टप बघताच ओळखला. शिवणीच्या टोकाला मी तीनदा मागेपुढे टाका घालते, बाकीचे दोनदा घालतात. माझंच काम होतं, शेहेचाळीस वर्षांपूर्वीचं. गाळ्यावर अजून जुनी पाटी आहे, जयवंत हूड वर्क्स. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पाटीवर आहे म्हणून लिहिते. निलेशला म्हटलं, दुसऱ्याला दे हे काम. तो म्हणाला, 'दुसरा असता तर तुझ्या शिव्या खायला आलो असतो का?' बरोबर बोलला. तरी मी नाही म्हणायला पाहिजे होतं.

जुना टप काढला की तो उसवून त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवून कापायचं, ही आमची पद्धत. कापड, मग आतलं अस्तर. मी अस्तर उलगडलं. मागच्या सीटच्या वर, डाव्या अंगाला, माणसाच्या डोक्याएवढा तेलाचा डाग होता. इतकी वर्षं बंद गॅरेजमधे पडलेली गाडी, कापड हाताला चुरतंय, आणि तो डाग ओला. वास माक्याच्या तेलाचा. निलेशला मी सांगितलं की गॅरेजचं छप्पर गळत असेल. छपरातून माक्याचं तेल गळतं का, हे विचारण्याइतका तो हुशार नाही, देवाची कृपा.

आता टप कसा चढवतात ते तुला सांगायला नको, तू स्वतः केलंस. पण का तसं करतात ते तुला कोणी सांगितलं नाही. मी मशीनवर शिवायची, तुझे आजोबा बाहेरून ओढून खिळे मारायचे आणि तिसरं माणूस आत बसायचं. मागच्या सीटवर, डाव्या कुशीला. तळवे आणि डोकं लावून कापड वर उचलून धरायचं, टपाच्या लोखंडी कमानीवर चुणी पडली की आतून ओरडायचं. त्याला उंच माणूस लागतं, बुटकं असलं की टप मधे खचतो.

तुझ्या आजोबांच्या घरी, तिकडे मालवणाच्या अंगाला, पिढ्यान्पिढ्या शाकारणीचं काम. पावसाआधी घरावर नवं गवत चढवायचं. वरचा माणूस दाभण गवतातून खाली घालतो, आतलं माणूस ते वर सारून देतं. आत काळोख, नाकातोंडात धूळ आणि डोक्यावर बंद होत आलेलं छप्पर. शेवटचा टाका राहिला की काम थांबवायचं आणि घरच्या बाईने आतल्या माणसाला नाव घेऊन बाहेर बोलवायचं. ते आलं की मगच शेवटचा टाका. माझी सासू सांगायची, छप्पर आंधळं असतं, त्याला पावलं कळत नाहीत, नाव तेवढं कळतं. नाव न घेता माणूस नुसतं चालत बाहेर आलं तर छपराच्या लेखी ते आतच राहिलं. त्यांच्या गावात एका घरी असं झालं होतं म्हणे. पोरगं दिवसेंदिवस वाकत चाललं. पुढच्या शाकारणीला त्या घरची म्हातारी आत जाऊन बसली, पोराला हाक मारून बाहेर काढलं, आणि मग तिला कोणी हाक मारली नाही. जागा भरली, पोरगं सुटलं. मी विचारलं होतं, म्हातारीचं काय झालं. सासू म्हणाली, म्हातारीचा काय व्हतला.

तुझे आजोबा ते शहरात घेऊन आले. भायखळ्याच्या एका उस्तादाकडे व्हिक्टोरिया घोडागाड्यांचे टप शिवायला शिकले, मग मोटारींचे करू लागले. पण शेवटचा खिळा हातात धरून थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. गाडीला घरची बाई नाही, म्हणून जिने टप शिवला तिने हाक मारायची. मला ते सगळं खूळ वाटायचं. मशीनवर मान मोडून शिवायचं, वरून हाका पण आपणच मारायच्या. पण मारायची. एका शब्दाचं तर काम.

ह्या मॉरिसच्या वेळी आत शेवंती बसली होती. शेवंती म्हणजे तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, तुझ्या आईची आत्या. तिचं नाव तू घरात ऐकलं नसशील, मीच ऐकू दिलं नाही. वीस वर्षांची, माडासारखी उंच. केसांना इतकं माक्याचं तेल चोपडायची की जिन्यात आधी वास यायचा आणि मग ती. तुझ्यासारखीच हसायची, विनाकारण आणि मोठ्याने. त्या दिवशी शेवटच्या खिळ्याआधी तिला हाक गेली नाही. का गेली नाही ते पुढे लिहिते, आता लिहायला घेतलं तर पुढचं राहून जाईल.

ती उतरली, आपली आपण, परकर झटकत. जुन्या गाड्यांचं तुला माहीत नसेल, खाली स्प्रिंगचे पाटे असतात, माणूस उतरलं की गाडी बोटभर वर उठते. तुझ्या आजोबांची नजर पाट्यांवर होती. त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं ते पुढे वीस वर्षांनी, इस्पितळात खाटेवर असताना, भात नको म्हणून ताट सारलं आणि म्हणाले, 'पाटे उठूक नाय गो त्या दिसा.' मी विचारलं, कोणत्या दिवशी. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला कळलं होतं कोणत्या दिवशी.

महिन्याभरात खानोलकर डॉक्टर गाडी घेऊन परत आले. भला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, 'आमच्या मागे कोण बसतं हो? नव्या अस्तराला तेल लागलंय.' त्यांना वाटलं गाळ्यात कोणी गाडीत पडून असायचं. मी अस्तर पुसून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. आता टपही खाली दुमडत नव्हता, डावीकडे कमानी वीतभर वर अडायच्या, जशा कशावर तरी टेकल्यात. आजोबांनी बिजागऱ्यांना तेल घातलं, खालीवर करून बघितलं, काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई मागे बसायच्या बंद झाल्या. म्हणाल्या, दाटी होते. एकटीच बाई ती, बांध्यानेही किडकिडीत. शेवटी डॉक्टरांनी गाडी गॅरेजमधे लावली ती लावलीच, टप वर चढवलेला तसाच.

आणि इकडे शेवंती. आधी खोलीच्या दारातून वाकून यायला लागली. मला वाटलं सोंग करते, मला चिडवायला. मग जेवताना मान डावीकडे. मग बसल्या बसल्या तळवे वर. विचारलं तर म्हणायची, डोक्याला कापड लागतंय. वर बघितलं तर चाळीचं आढं, चांगलं दहा फुटांवर. माडासारखी पोरगी चार महिन्यांत माझ्या खांद्याला आली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले मणक्याचा क्षय. असेल. मी डॉक्टर नाही. श्रावणात गेली तेव्हा हनुवटी छातीला टेकली होती आणि सरळ निजवता येईना.

आता तू. नाताळच्या सुट्टीत आलीस, गाळ्यावर डबा घेऊन आलीस, आणि निलेश म्हणाला, आजी, आत बसायला उंच कोणी पाहिजे ना, ही बघ की. मी बोलले, ही नको. निलेश म्हणाला, 'मग मी बसतो, खिळे तू मार.' माझ्या हाताला हातोडी राहत नाही. तू तोवर सीट पुढे ढकलून मागे घुसलीस पण. तुझी आई लहानपणी अशीच होती, सांगून होईपर्यंत करून मोकळी. मी मनात म्हटलं, असू दे, ह्या वेळी मी नीट हाक मारीन, कान किटतील अशी मारीन. त्यासाठी तर मी स्टूल टाकून गाडीच्या मागे बसले होते.

बारा वाजले असतील, ऊन बरोबर टपावर होतं. नवं कापड तापलं की सैल होतं, तेव्हाच ओढायचं. निलेशने पुढची पट्टी बसवली, कडेने खिळे मारले, एक उरला. त्याला मी आधीच बजावून ठेवलं होतं, मी बोलल्याशिवाय शेवटचा मारायचा नाही. तो हातोडी धरून उभा राहिला, अगदी तसाच. मी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीतून आत बघितलं. नव्या प्लास्टिकला जरा धुरकटपणा असतो. आत उंच मान, डोकं कापडाला टेकलेलं, दोन तळवे वर. डाव्या कुशीला. मी तोंड उघडलं आणि हाक मारली, आणि निलेशने खिळा मारला.

प्राची, मी तुझं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, शेवंते, बाहेर ये.

शेहेचाळीस वर्षांत ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. कुठून आलं, मला विचारू नकोस. तू आतून हसलीस, 'आजी, कोण शेवंती?' आणि तू अजून सीटवरच होतीस, हात वर धरलेले, तेव्हा गाडी उठली. बोटभर. पाटे करकरले. तुझ्या बाजूचं दार बंद, तू आत, आणि गाडी कोणीतरी उतरल्यासारखी उठली. मग तू पुढची सीट दुमडून उतरलीस, पंजाबी ड्रेसवरची सुतं झटकलीस. मी पाट्यांकडे बघत होते. हलले नाहीत.

तेव्हाच तुला परत आत बसवून, खिळा उपसून नीट नाव घेतलं असतं, तर तुझा पट्टा वाचला असता. मी तुला म्हटलं, कोणी नाही, गप घरी चल. मी घाबरले होते आणि ते निलेशला दिसू द्यायचं नव्हतं. एवढंच कारण. मोठं काही नाही.

तिसऱ्या दिवशी निलेश सांगत आला की नव्या अस्तराला डाग पडलाय आणि टप खाली बसत नाही. मी गेले. डावीकडेच, डोक्याएवढा, ओलसर. माका नाही. तुझ्या त्या हिरव्या बाटलीतल्या शाम्पूचा वास, ज्याने माझी मोरी दोन दिवस घसरडी झाली होती. निलेश बिजागऱ्यांना तेल घालतो आहे, त्याच्या आजोबांसारखंच. म्हणतो, सगळा टप काढून नव्याने चढवू. त्याने काय होतंय. जुना काढून फाडला होताच, तरी शेवंती कमानींखाली होतीच. गेल्या सोमवारी तो जेवायला गेलेला बघून मी पकडीने शेवटचा खिळा उपसला आणि रिकाम्या गाडीला हाक मारली, प्राची, बाहेर ये. तीनदा मारली. समोरचा केळेवाला बघायला लागला. गाडी हलली नाही. आत खरं माणूस बसलेलं लागतं, मगच आत राहिलेलं बाहेर येणार, नुसत्या हाकेचं काम नाही. निलेश आला तो ओरडला, 'आजी, खिळा का काढलास?' मी म्हटलं, वाकडा होता. त्याने पुन्हा मारला.

आता ते राहिलेलं. शेवंतीला त्या दिवशी हाक का गेली नाही.

माझा आणि तिचा अबोला होता. पाहुण्यांसमोर ती बोलली, 'वैनीची सोलकढी म्हणजे नळाच्या पाण्याक लाल रंग.' सगळे हसले. तुझे आजोबा पण हसले. मी पाच दिवस तिच्याशी बोलले नाही. काय सांगायचं असेल ते तुझ्या आईच्या मार्फत, ती तेव्हा तीन वर्षांची, तिला म्हणायचं, दर्शना, तुझ्या आत्याला सांग, पाणी आलंय. दर्शना नसली की भिंतीला सांगायचं. गाळ्यावर तुझे आजोबा खिळा धरून माझ्याकडे बघत राहिले. तिचं नाव घ्यायचं म्हणजे मी हरले. मी बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि गाडीला म्हटलं, गाडये, तुझ्या पोटात कोण आसा त्येका सांग, काम झाला. आजोबा म्हणाले, 'नाव घे गो.' मी म्हटलं, मारा तो खिळा, घरी भात लागेल. त्यांनी मारला. शेवंती उतरताना हसत होती, तिला वाटलं तिने जिंकलं. नंतर अबोला सुटला, ती वाकायला लागल्यावर मी तिला भरवलंसुद्धा, पण तिचं नाव घ्यायची सवय मोडली ती मोडलीच. 'अगो' म्हणायची. आठ महिने हाताशी होते माझ्या. पकड होती, गाडी प्रभादेवीला, चालत जायच्या अंतरावर. मी सासूचं बोलणं खूळ समजत होते, की खरं समजत होते म्हणून जात नव्हते, ते माझं मला अजून कळलेलं नाही.

ती आता कुठे आहे, असं तुझ्या मनात येईल. पोटमाळ्यावरचा पिठाचा डबा माझ्या हाताला येत नाही, सून काढून देते. तो हल्ली सकाळी उठते तेव्हा ओट्यावर असतो. वैशाली म्हणते, मी नाही काढला, तुम्हीच स्टुलावर चढता, पडाल एक दिवस. आढ्याजवळची जळमटं गेली आहेत, तिथे ह्या घरात कोणाचा हात पोचत नाही. म्हणजे ती पुरती सरळ झाली आहे. मग काल डबा उतरवलेला बघून विचारलं, जेवलीस काय गो. उत्तर आलं नाही. पण शेवंती रागावली की उत्तर द्यायचीच नाही, पाच पाच दिवस.

तर हे पत्र कशासाठी. शनिवारी सकाळी निलेश गाडी घेऊन नाशिकला येतो आहे. त्याला मी सांगितलंय की नव्या टपाला घाटातली हवा लागू दे, रविवारी मालकाच्या ताब्यात द्यायच्या आधी लांबची चक्कर झालेली बरी. त्याला ते पटलं, तशी त्याला हौसच होती. मी त्याच्या शेजारी पुढे बसून येणार. हे पाकीट तो तुझ्या हातात देईल तेव्हा मी खाली गाडीजवळ उभी असेन, खिळा उपसून. वाचून झालं की आईला काही न सांगता खाली ये. पट्टा काढ, मागे डाव्या कुशीला बस, डोकं कापडाला लाव, तळवे वर. मी तुला हाक मारीन, ह्या वेळी चुकणार नाही, वाटेत पूर्ण घाट तेच नाव घोकत येणार आहे. मारली की उतर आणि मागे बघू नकोस. मग ती जागा रिकामी राहू नये म्हणून मी आत बसेन आणि निलेश खिळा मारेल. आता नीट ऐक, कारण तू रडकी आहेस आणि ऐन वेळी घोळ घालशील. मला कोणी हाक मारायची नाही. मी माझी उतरेन, गाडी उठली नाही तर उठली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई मी, माझी मान वाकलीच आहे, आणखी चार बोटं वाकली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. तुला आजी म्हणून ओरडावंसं वाटलं तर ओरड, त्याने काही होत नाही, ते नाव नव्हे. माझं नाव आता कोणाला ठाऊकही नाही. तुझ्या आजोबांनी ते कधी घेतलं नाही, शेवंती मला वैनीच म्हणायची, आणि चाळीत मी निलेशची आजी. आधार कार्डावर आहे, ते मी ट्रंकेत तळाशी घातलंय. म्हणून खालीही लिहीत नाही.

तुझीच,
आजी